बी टाईप घराची कुंडली : ओक रिज, टेनेसी (प्रकल्प नोंदी)

१३ जानेवारी

फाईल उघडली, नाव दिलं "घर". उन्हाळ्याच्या आत छप्पर आणि बाहेरच्या भिंतींचं काम काढायचंय, आणि एकदा का कामवाले आत शिरले की जुनं काय होतं ते बघायला मिळणार नाही, म्हणून त्याआधी घराचा जमेल तेवढा इतिहास गोळा करून ठेवायचा असं ठरवलंय. नवरा म्हणतो छप्पर गळतंय ते आधी बघ, इतिहास कुठं पळून जात नाही. पण इतिहासच पळून जातो, छप्पर तर रोज डोक्यावर आहे.

ओक रिजमध्ये घराला नंबर असतो, गल्लीचं नाव असतं आणि शिवाय एक अक्षर असतं. ए, बी, सी, डी, एफ. आमचं बी. कुणी विचारलं कुठं राहता, की गल्ली सांगायची आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, बी का सी? एकदा अक्षर सांगितलं की समोरच्याला सगळा नकाशा कळतो, बेडरूम किती, फायरप्लेस कुठल्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं. ऐंशी वर्षं होऊन गेली तरी हे चालू आहे.

मुळातली गोष्ट थोडक्यात लिहून ठेवते. सप्टेंबर १९४२ मध्ये जनरल लेस्ली ग्रोव्ह्जने क्लिंच नदीकाठची ही जागा पक्की केली, साधारण ५९ हजार एकर. मॅनहॅटन प्रोजेक्टसाठी, म्हणजे अणुबॉम्बसाठी, मुख्यतः युरेनियम वेगळं करायला. कारखान्यांना वाय-१२, के-२५, एक्स-१० अशी नावं, आणि त्यात काम करणाऱ्यांसाठी डोंगराच्या उतारावर एक नवीन गाव. सुरुवातीचा अंदाज १३ हजार लोकांचा होता, तो ४२ हजारांवर गेला, आणि १९४५ मध्ये प्रत्यक्षात माणसं झाली ७५ हजार. नकाशात गाव नाही, भोवती कुंपण, गेटवर पहारा, बारा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या छातीवर बॅज. आमचं घर त्यातलंच एक, १९४३-४४ च्या दरम्यानचं.

२० जानेवारी

युटिलिटी रूममधलं जुनं कपाट हलवलं. मागे भिंतीत कधीतरी पाईपसाठी पाडलेलं भोक, नुसतं लाकडी पट्टी मारून बंद केलेलं. पट्टी काढली तर भिंतीची कड दिसली. टॉर्च लावून बघितलं (हात लावला नाही, तोंडाला मास्क होता, घरच्यांनी काळजी करू नये). बाहेरच्या दोन्ही बाजूंना राखाडी, दगडासारखा टणक पातळ थर आणि मध्ये तपकिरी, दाबून बसवलेला काथ्यासारखा भुसा. सगळं मिळून जाडी दीड-दोन इंच. म्हणजे आमची बाहेरची भिंत एवढीच. आतून बाहेर.

हेच ते सेमेस्टो. सेलोटेक्स कंपनीचा माल. दोन्हीकडचा राखाडी थर म्हणजे सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस, आणि मधला भुसा म्हणजे उसाचा चोथा. लुईझियानातल्या साखर कारखान्यांचं बगॅस घेऊन सेलोटेक्स मरेरो नावाच्या गावात त्याचे बोर्ड बनवायची. १९४० च्या आसपास लाकूड, वीट, लोखंड सगळंच लढाईकडे चाललेलं, तेव्हा हा बोर्ड एकाच वेळी भिंत, बाहेरचा गिलावा आणि थंडीपासून संरक्षण असं तिन्ही काम करायचा, आणि चार फुटी मापात कापून आला की चौकटीत बसवायचा, वर लाकडी पट्ट्या ठोकायच्या, संपलं. गवंडी नको, प्लास्टर नको, सुकायला थांबणं नको.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. बाबांची अख्खी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात गेली. त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "आमी जन्मभर बगॅस बॉयलरला घातलं, आणि ह्यांनी त्याच्या भिंती केल्या व्हय! वाळवी न्हाई लागली?" मग आईला हाका मारून, "ये बघ, पोरगी उसाच्या चिपाडाच्या घरात ऱ्हायलीय." आई म्हणाली गोड मानून घ्या. दोघंही बराच वेळ हसत होते. मला मात्र तेव्हापासून भिंतीकडं बघायची नजरच बदललीय, एवढे हजारो मैल लांब येऊन शेवटी उसाच्याच पट्ट्यात राहतोय म्हणजे.

वाळवीचं उत्तर शोधायचंय.

२७ जानेवारी

आराखडा कुणी केला ते नीट वाचलं. आधी सगळं काम स्टोन अँड वेब्स्टरकडे होतं, पण त्यांनी केलेला गावाचा प्लॅन लष्कराला पसंत पडला नाही. मग १९४३ च्या सुरुवातीला स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या तेव्हा अगदी कोवळ्या कंपनीला बोलावलं. जेमतेम १९३६ ची कंपनी. यांनी जॉन बी. पिअर्स फाउंडेशनबरोबर आधीच सेमेस्टोची घरं केली होती, मेरीलँडमध्ये मिडल रिव्हरला, ग्लेन मार्टिनच्या विमान कारखान्यातल्या कामगारांसाठी, १९४१ मध्ये. त्यामुळे डिझाईन जवळपास तयार होतं. गंमत म्हणजे यांना जागा कुठं आहे हेच सांगितलं नव्हतं. नकाशे आणि हवाई फोटो दिले, त्यावर गावाचं नाव नाही, आणि यावर गाव आखा म्हणाले. नंतर माणसांना रेल्वेत बसवून आणलं तेव्हाही कुठं उतरायचं ते माहीत नव्हतं.

हीच कंपनी पुढे शिकागोचा सिअर्स टॉवर आणि दुबईचं बुर्ज खलिफा करते. म्हणजे बुर्ज खलिफाची आणि माझ्या ओट्याची आर्किटेक्ट कंपनी एकच. हे मी आता प्रत्येक पाहुण्याला सांगणार आहे.

एवढ्या घाईतही त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. डोंगराचा उतार कापून सपाट पट्टे पाडले नाहीत, रस्ते उताराबरोबर वळवत नेले, जमेल तेवढी झाडं ठेवली, आणि घरं उलटी बसवली. उलटी म्हणजे रस्त्याकडे स्वयंपाकघर आणि युटिलिटी रूम, आणि बैठकीची खोली मागे झाडीकडे. कारण साधं, पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाईप रस्त्यातून येतात, ते जितके आखूड तितका पाईप वाचतो, आणि कोळशाच्या गाडीलाही रस्त्यावरूनच कोळसा टाकता येतो. पाईप वाचवायच्या नादात बैठकीला मागचं रान मिळालं. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास गोंधळतो, पुढचं दार समजून स्वयंपाकघरात शिरतो. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, हे बरं आहे, आलेल्या माणसाला आधी गॅसवर काय आहे ते कळतं.

फायरप्लेस मात्र प्रत्येक सेमेस्टोत. लढाईच्या दिवसांत, लष्कराच्या पैशात, तात्पुरत्या घरात, विटांची फायरप्लेस! शास्त्रज्ञ आणि इंजिनियर मंडळींच्या बायकांनी इथं टिकावं म्हणून गाव जरा घरासारखं वाटलं पाहिजे असा विचार होता. पगारात सगळं नसतं हे लष्करालाही कळलं म्हणायचं.

३ फेब्रुवारी

अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्व्हे करणारा माणूस येणार होता, आला नाही. फोन उचलत नाही. पुढं.

१० फेब्रुवारी

लायब्ररीतल्या ओक रिज रूममध्ये सकाळपासून बसले. एक खोलीभर नुसतं या गावाचंच साहित्य, आणि तिथल्या बाईंना नुसतं "बी हाऊस" म्हटलं की त्या उठून फोल्डर घेऊन येतात.

मला हवं होतं ते आमच्या घराचं, आणि मिळालं ते बाकीच्यांच्या घरांचं. पण तेच जास्त महत्त्वाचं निघालं.

सेमेस्टो घरं एकूण तीन हजारांच्या आसपास. माणसं ७५ हजार. म्हणजे बाकीचे कुठं राहत होते हा प्रश्न आलाच. भर काळात कुटुंबांसाठीची सगळ्या प्रकारची घरं मिळून सुमारे १० हजार, डॉर्मिटरीत १३ हजार जणांची सोय, ट्रेलर ५ हजार, आणि हटमेंट नि बराकीत मिळून १६ हजारांवर माणसं. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने डिझाईन केलेली फ्लॅटटॉप नावाची चपट्या छपराची प्लायवूडची घरं कारखान्यात बनून तुकड्यातुकड्याने ट्रकवरून यायची. हटमेंट म्हणजे १६ बाय १६ फुटांची प्लायवूडची खोली, मध्ये कोळशाची शेगडी, खिडकीला काच नाही नुसती झडप, आणि आत चार-पाच जण. संडास-मोरी बाहेर, सगळ्यांत मिळून.

आता कुणाला काय मिळायचं ते बघा. घराचं अक्षर ठरायचं कुटुंब केवढं आणि माणूस कुठल्या हुद्द्यावर यावरून. ए आणि बी दोन बेडरूमची, सी तीन बेडरूमचं, डी त्याहून ऐसपैस, वेगळी जेवणाची खोली असलेलं, आणि एफ सगळ्यात मोठं, मोठ्या साहेबांसाठी. वर डोंगरावरच्या भागाला लोक चिडवून स्नॉब हिल म्हणायचे. घर कुटुंबप्रमुखाच्या नावावर, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष. वाय-१२ मध्ये दिवसरात्र डायल फिरवणाऱ्या हजारो मुली होत्या, त्यांच्या हाताखालून युरेनियम गेलं, पण त्यांनी स्वतःच्या नावावर घर मागितलं तर नाही. एखादीवर आईवडील अवलंबून असले तरी नाही. डॉर्मिटरीत खोली घ्या.

आणि काळ्या कामगारांना सेमेस्टो मिळायचंच नाही. कुठलंच अक्षर नाही. मूळ प्लॅनमध्ये गावाच्या पूर्वेला त्यांच्यासाठी वेगळी वस्ती होती, सेमेस्टो घरांचीच, अगदी अशाच. वेगळी ठेवायचीच, पण घरं तरी बरी द्यायची असा हिशोब होता. १९४३ मध्ये गोऱ्यांची घरांची मागणी वाढली आणि ती वस्ती त्यांना देऊन टाकली. त्या वस्तीचं नाव ईस्ट व्हिलेज झालं आणि काळी माणसं गेली हटमेंटमध्ये. नवराबायको असले तरी पुरुषांची हटमेंट वेगळी, बायकांची वेगळी, बायकांच्या भागाला कुंपण आणि दाराशी पहारेकरी. मुलं बरोबर आणायला परवानगी नाही, ती मागे आजी-मावशीकडे कुठं अलाबामात, जॉर्जियात.

हे वाचून घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहिले तर जरा विचित्रच वाटलं. आम्ही दोघं सावळे, सांगली-इस्लामपूरचे, आमच्या नावावर घर. १९४४ मध्ये या दारातून आम्ही आत आलो असतो तर फक्त झाडू मारायला.

११ फेब्रुवारी

काल लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, घराचा इतिहास म्हणजे आत कोण राहिलं याचा असतो ना, तू तर कोण राहू शकलं नाही याचा लिहितेयस. मी म्हटलं दोन्ही एकाच रजिस्टरमध्ये आहेत.

२ मार्च

क्लिंटनला गेले, अँडरसन काउंटीचं रजिस्ट्रार ऑफिस. आपल्याकडं तलाठ्याकडं सातबारा बघायला जावं तसंच, फक्त इथं चहा सांगत नाहीत. आमच्या घराची खरेदीखतं एकातून एक मागं मागं काढत गेले. प्रत्येकाने कुणाकडून घेतलं ते आधीच्या खताचा नंबर बघून शोधायचं. नव्वदच्या दशकातलं जोडपं, त्याआधी एक मास्तरीण, त्याआधी एक कुटुंब, आणि मग एकदम साखळी थांबते. विकणार : युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका. बस. माणसाचं नाव नाही, देशाचं.

याचं कारण म्हणजे १९५५ पर्यंत इथं स्वतःच्या मालकीचं घर असणं ही भानगडच नव्हती. सगळं गाव सरकारी. लढाईत लष्कराचं, नंतर अणुऊर्जा आयोगाचं. घरं भाड्यानं द्यायची, दुरुस्ती करायची, कोळसा पोचवायचा, बस चालवायच्या, हे सगळं रोन-अँडरसन नावाची कंपनी बघायची, टर्नर कन्स्ट्रक्शनची पोटकंपनी. कोळसा भाड्यातच यायचा, विजेला मीटर नव्हता. ऑगस्ट १९४५ नंतर बॉम्बची बातमी फुटली, माणसं पांगली, १९५० पर्यंत गाव ३० हजारांवर आलं. १९ मार्च १९४९ ला गेट उघडली तर गावातल्याच लोकांना ते नको होतं! कुंपण होतं तेव्हा दारं उघडी टाकून झोपायचो, आता चोर येतील, असं म्हणत होते लोक. मग १९५५ चा कायदा आला आणि १९५६ पासून घरं विकायला काढली, जो भाडेकरू आत राहतोय त्याला पहिला हक्क. १९५९ मध्ये गाव कायद्याने गाव झालं, स्वतःची नगरपालिका वगैरे.

म्हणजे आमच्या घरात १९४४ ते विक्रीपर्यंत कोण कोण राहिलं ते खरेदीखतात नाही, कारण ते मालकच नव्हते. भाडेकरूंची नावं कुठं मिळतात ते बघायला हवं. शेजारच्या आजी म्हणाल्या जुनी टेलिफोन डिरेक्टरी बघ, गल्लीवरून नाही पण नावावरून जुळवता येईल. बघू. मिळालं तरी नावं इथं लिहिणार नाही, त्यांची नातवंडं असतील याच गावात.

३ मार्च

आणखी मागं. सरकारच्या आधी?

१९४२ च्या नोव्हेंबरात इथल्या शेतकऱ्यांच्या दारावर कागद लागले. व्हीट, एल्झा, रॉबर्ट्सव्हिल, स्कार्बरो अशा वाड्यावस्त्या, साधारण तीन हजार माणसं, काहींना दोन-तीन आठवड्यांत उठा म्हणून सांगितलं. एकराला सरासरी पन्नास डॉलरच्या आतबाहेर भरपाई. त्यातली काही घरं तर आधीच एकदा किंवा दोनदा उठवलेली, १९३० च्या दशकात नॉरिस धरणात गाव गेलं म्हणून किंवा स्मोकी माउंटनचं नॅशनल पार्क झालं म्हणून इकडं आलेली. आपल्या भाषेत सांगायचं तर दुबार प्रकल्पग्रस्त. कोयनेत गाव गेलेल्या घरातली माझी एक मावशी आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्यांना तरी लढाई होती असं सांगायला होतं, आम्हाला वीज येणार म्हणून सांगितलं आणि आमच्याच वाडीत शेवटी वीज आली. मी गप्प बसले.

व्हीटचं जॉर्ज जोन्स मेमोरियल चर्च अजून उभं आहे, १९०१ चं, के-२५ च्या जवळ. बाकी गाव गेलं, शेतघरं गेली, दफनभूमी राहिल्या. आमची गल्ली कुणाच्या शेतात होती ते नकाशावर नकाशा ठेवून बघायचंय. जप्तीचे सरकारी नकाशे आहेत म्हणे, प्लॉटला नंबर दिलेले.

बाजूला एक टीप : १९१५ मध्ये वारलेला जॉन हेंड्रिक्स नावाचा एक माणूस, तो एकदा रानात झोपून आला आणि सांगायला लागला की बेअर क्रीकच्या खोऱ्यात मोठे कारखाने होणार, लढाई संपवायला त्यांची मदत होणार, आणि ब्लॅक ओक रिजवर शहर होणार. गाववाले त्याला वेडा म्हणायचे. आता त्याची कबर एका कॉलनीच्या मध्यावर आहे, आजूबाजूला नवे बंगले. इथले लोक हे अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात, अणुशास्त्रज्ञसुद्धा.

१७ मार्च

अ‍ॅस्बेस्टॉसवाला (दुसरा) आला, वेळेवर आला, आणि छान समजावून सांगितलं. राखाडी थरात अ‍ॅस्बेस्टॉस आहेच, ते धरूनच चालायचं. पण ते सिमेंटमध्ये घट्ट बांधलेलं आहे, जोवर कापत नाही, घासत नाही, भोक पाडत नाही तोवर ठीक. धोका धुळीचा. म्हणून मागच्या मालकांनी वरून व्हिनाईलची साइडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण, चढवली ते एका अर्थी बरंच झालं, झाकलं गेलं. मी विचारलं वाळवी? म्हणाला बोर्डापेक्षा खालच्या लाकडी चौकटीची काळजी करा, आणि पाण्याची. बोर्डाच्या कडेला पाणी शिरलं की मधला ऊस फुगतो. तो खरंच ऊसच म्हणाला, इंग्रजीत.

बाबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं : कारखान्यात पण बगॅसला ओल लागली की पेटत नाय, तेच गणित.

खाली क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीत, त्याच्या मागोमाग मीही रांगत गेले. वाशावर पेन्सिलीने सुताराने लिहिलेले आकडे आहेत, आणि एक मोठं बी. ठळक, गोलसर, एका झटक्यात काढलेलं. असंच अक्षर त्या माणसाने शेकडो वेळा काढलं असणार, रोज सकाळी ट्रकवरून उतरलेल्या मालावर. जोर असताना दर अर्ध्या तासाला एक घर तयार व्हायचं असं इथं सांगतात. फोटो काढला, फ्लॅश लावून आणि न लावता. फ्लॅश न लावलेला चांगला आलाय.

७ एप्रिल

शेजारच्या आजींकडे बसले. त्या १९४४ मध्ये लहान असताना इथं आल्या, वडील के-२५ मध्ये. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. "चिखल. पहिली आठवण चिखल. लाकडी फळ्यांचे रस्ते होते त्यावरून घसरलं की बूट गेलाच. आम्ही नॉक्सव्हिलला खरेदीला गेलो की दुकानदार बुटाकडे बघून ओळखायचे ही कुठली माणसं." वडील काय करतात हे त्यांच्या आईलाही माहीत नव्हतं. ६ ऑगस्टला रेडिओवर हिरोशिमाचं आलं तेव्हा आई बाहेर अंगणात आली, शेजारणी बाहेर आल्या, आणि सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या, म्हणजे तुमचे हे पण? आमचे हे पण. काही नाचल्या. आजी म्हणाल्या माझी आई नाचली नाही, ती आत जाऊन भांडी घासायला लागली.

यावर मी काही विचारलं नाही. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधलं युरेनियम इथलं, आणि ते वेगळं करणारी माणसं संध्याकाळी येऊन याच खोल्यांत जेवायची, हे घर घेताना माहीत होतंच. माहीत असणं वेगळं आणि त्या आईच्या भांड्यांबद्दल ऐकणं वेगळं. बिसेल पार्कमध्ये जपानमध्ये ओतलेली मैत्रीची घंटा आहे, १९९६ पासून, तिच्यावरूनही गावात कोर्टकचेऱ्या झाल्या. माझी मुलगी तिथं सायकल शिकली.

आजींना हटमेंटबद्दल विचारलं. म्हणाल्या, आम्ही तिकडं जात नव्हतो. मग थोडं थांबून, "खरं तर आम्हाला कधी विचारावंसंही वाटलं नाही." १९५० मध्ये गँबल व्हॅलीत काळ्या कुटुंबांसाठी स्कार्बरो नावाची पक्क्या ब्लॉकच्या घरांची वस्ती झाली. म्हणजे लढाई संपल्यावर पाच वर्षांनी, आणि तीही वेगळीच. १९५५ च्या सप्टेंबरात तिथली ८५ मुलं ओक रिजच्या गोऱ्यांच्या शाळांत आली, तेव्हा आजी कॉलेजात होत्या.

२१ एप्रिल

जप्तीचा नकाशा मिळाला, स्कॅन. आमची गल्ली साधारण कुठल्या प्लॉटवर येते ते बसवलं, पारदर्शक कागदावर काढून खिडकीच्या काचेला लावून, शाळेत नकाशा गिरवायचो तसं. एक ओढा दोन्हीत आहे त्यावरून जुळलं. वरच्या बाजूला कुरण किंवा रान असावं, उतार फार आहे, शेती खालच्या सपाटीला. मालकाचं आडनाव दिसतंय, लिहीत नाही. अजून एक मिळालं, अ‍ॅव्हेन्यूचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं त्याच अक्षराने तिच्यातून फुटणाऱ्या गल्ल्यांची नावं, हे मला माहीत होतं, पण हे मुद्दाम केलं कारण रोज शेकडो नवीन माणसं यायची आणि घर सापडायचं नाही. ती माणसं हरवू नयेत म्हणून केलेलं अजून पिझ्झावाल्याच्या उपयोगाला येतंय.

५ मे

निर्णय. बरीच चर्चा झाली, नवऱ्याशी, कंत्राटदाराशी, आणि बाबांशी (ते सगळ्यात जास्त बोलले). तीन बाजूंची व्हिनाईल साइडिंग तशीच ठेवायची, फक्त खालची कड नीट करायची म्हणजे पाणी आत जाणार नाही. मागची बाजू, रानाकडची, तिथली साइडिंग जुनी होऊन सुटलीय, ती परवानाधारक माणसाकडून काढून घ्यायची, सेमेस्टोला हात न लावता रंग द्यायचा आणि मूळच्यासारख्या लाकडी पट्ट्या. त्या बाजूला छपराची वळचण मोठी आहे, पाऊस कमी लागतो. कंत्राटदार म्हणाला यात रिसेल व्हॅल्यू वाढणार नाही. इथला भाग १९९१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदीत आहे पण त्याने खाजगी मालकाला कुणी अडवत नाही, काय वाट्टेल ते करा. त्यामुळे गल्लीत आता दोन घरं सारखी दिसत नाहीत. कुणी वर मजला चढवलाय, कुणी दोन बाजूंनी खोल्या, एका बीचं डी झालंय आणि एकाने दगडी खांब लावून त्याचा राजवाडा केलाय. मला त्याचा राग येत नाही. भाड्याच्या तात्पुरत्या खोक्यात राहणाऱ्यांना एकदाचं ते स्वतःचं झालं तर माणूस खांब लावणारच.

मुलीच्या शाळेत गावाच्या इतिहासावर प्रोजेक्ट आहे, तिला माझी फाईल हवीय. दिली. तिने पहिल्याच पानावर आमच्या घराचा प्लॅन काढलाय आणि शेजारी त्याच मापात १६ बाय १६ ची हटमेंट. आत पाच खाटा. तिने मोजून बसवल्यात, पाचवी खाट दारात येते. शिक्षिकेने विचारलं हे तुला कुणी सांगितलं, तर म्हणाली मोजलं.

१९ मे

टेलिफोन डिरेक्टरीतून एक नाव जुळलं, १९४० च्या शेवटचं, घरचा पत्ता आमचाच. पहिला भाडेकरू तोच का ते सांगता येत नाही. पुढं बघू.

सगळ्या कागदांची एक प्रत ओक रिज रूमला द्यायची, पेन्सिलच्या बीचा फोटो आणि मुलीचं चित्र त्यात घालून. दुसरी प्रत बाबांना पोस्टाने, त्यांना स्क्रीनवर वाचवत नाही. गुरुवारी छपरावाला येतोय, त्याआधी माळ्यावर चढून मूळच्या वाशांचे फोटो काढून घ्यायचेत.